निवृत्त रेसचा घोडा पैदाशीसाठी घ्यावा का? बांधा, पाय, वीर्यतपासणी (वडोदरा)

पागा_वडोदरा

माहिती सगळी एकदम देतो, म्हणजे उत्तरं नेमकी येतील.

घोडा थरोब्रेड (शर्यतीची विलायती जात), कुम्मैत (तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), वय ७. मालक उंची १६.१ हात सांगतो. पुणे-मुंबईत २२ शर्यती, ४ विजय, चारही १००० ते १२०० मीटरचे. शेवटच्या मोसमात पुढच्या डाव्या पायाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गेला, त्यानंतर वर्षभर विश्रांती. खच्ची केलेला नाही. कधी घोडीला लावलेला नाही.

पादऱ्याच्या बाजूला शेतावर सहा घोड्या आहेत. चार काठियावाडी, १४.१ ते १४.३ हात. दोन थरोब्रेड-मिश्र, १५ हातांच्या आसपास. हवीत ती १५ ते १५.३ हातांची शिंगरं, रायडिंग क्लबला आणि जंपिंगच्या सुरुवातीच्या वर्गांना चालतील अशी. रेससाठी काही नको.

फोटो आणि चालीचा व्हिडिओ आलाय. घोडा बघायला जाण्याआधी काय मोजायचं, काय विचारायचं, कशावर नाही म्हणायचं, ते लिहा.

इंदूरचा_स्वार

हेतू आधी लिहिलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण घोडा घेतात आणि मग त्याला काम शोधतात.

विजयांवरून पैदाशीचा अंदाज बांधू नका. रेझीन १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट होता आणि मागे पडला, पण भारतात येऊन अनेक वर्षं आघाडीचा सायर (पैदाशीचा नर) ठरला. उलट अमेरिकेचा सिगार सलग १६ शर्यती जिंकून १९९६ मध्ये निवृत्त झाला, पुढच्या मोसमात ३४ घोड्यांना लावला आणि एकही गाभण राहिली नाही. २००२ चा केंटकी डर्बी विजेता वॉर एम्ब्लेम जपानला गेला, तर त्याला घोडीत रसच नव्हता. कर्तबगारी, प्रजननशक्ती आणि घोडीची इच्छा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आलेले फोटो बहुधा कामाचे नसतील. विकणारा घोडा चढावर उभा करतो, पुढचं अंग उंच दिसतं. किंवा गवतात उभा करतो, खूर दिसत नाहीत. पुन्हा मागवा आणि असे सांगा: सिमेंटची सपाट जमीन, बँडेज नाही, कॅमेरा घोड्याच्या कोपराच्या उंचीवर, ५-६ मीटर लांब, अगदी काटकोनात. ज्या पायाचा फोटो त्याची नळी (गुडघ्याखालचं लांब हाड) जमिनीशी उभी सरळ हवी. दोन्ही बाजू, समोरून, मागून, आणि चारही खुरांचे जवळून. व्हिडिओत १५ मीटर सरळ जाऊन परत, आधी चालत, मग दुडकी, कडक जमिनीवर, लगाम सैल सोडून. मान आवळून धरली की लंगडणं लपतं.

डॉ_आणंद

मी तपासणी पायांपासून वर करतो. चमक, आयाळ, पोट सगळ्यात शेवटी, कारण वर्षभर बसून खाल्लेल्या घोड्यावर चरबी चढते आणि चरबी बरेच दोष झाकते.

सोबत चार गोष्टी न्या: गवंड्याचा ओळंबा, कापडी टेप, उंची मोजायची काठी आणि खुराचा चिमटा. उंचीबद्दल एक: हात म्हणजे ४ इंच, आणि १६.१ म्हणजे १६ हात १ इंच, म्हणजे ६५ इंच, १६५ सेंमी. बिंदूला दशांश समजून गोंधळ होतो. मोजताना नाल असेल तर तिची जाडी वजा करा.

ओळंबा तीन ठिकाणी धरा. समोरून, खांद्याच्या टोकापासून सोडलेली दोरी गुडघा, नळी, फेटलॉक (नळीखालचा सांधा) आणि खूर यांच्या मध्यातून जायला हवी. बाजूने पुढच्या पायाला, खांद्याच्या पात्याच्या मधल्या उंचवट्यापासून सोडलेली दोरी गुडघ्याचे दोन समान भाग करून फेटलॉकच्या मागून टाचेच्या जरा मागे उतरायला हवी. मागच्या पायाला, पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापासून सोडलेली दोरी हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) टोकाला टेकून नळीच्या मागच्या कडेलगत खाली यावी.

यात मला सगळ्यात मोठा दोष वाटतो तो गुडघा मागे गेलेला असण्याचा, ज्याला रेसचे लोक काफ-नी म्हणतात. भरधाव धावताना वजन आलं की गुडघा मुळातच थोडा मागे वाकतो. बांधाच मागे झुकलेला असेल तर गुडघ्याच्या हाडांच्या पुढच्या कडा एकमेकांवर आपटतात, तुकडे उडतात, तिसऱ्या कार्पल हाडाला उभी चीर जाते. मागच्या बाजूचे टेंडन आणि लिगामेंट कायम ताणात राहतात. याउलट गुडघा किंचित पुढे झुकलेला असणं दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा निभतं. म्हणून दोन्ही दोषांना सारखेच गुण कापू नका.

फसवणूक इथे होते: घोडा पुढचा पाय पुढे टाकून उभा असला की चांगला गुडघाही मागे गेल्यासारखा दिसतो. पाय सरळ करून तीनदा बघा.

नळी गुडघ्याबाहेरच्या बाजूला सरकलेली असेल तर आतल्या बाजूला स्प्लिंटच्या (नळीलगतच्या बारीक हाडाच्या) गाठी येतात, हात फिरवून बघा. खूर आत किंवा बाहेर वळलेले असले तर चालताना पाय गोल फिरतो आणि दुसऱ्या पायाला लागतो, केसांवरचे जुने ओरखडे ते सांगतात. मागे विळ्यासारखा वाकलेला हॉक कर्ब (हॉकच्या मागची सूज) देतो. फार सरळ पाय स्टायफलला (मागच्या पायाच्या वरच्या सांध्याला) त्रास देतो. जंपिंगसाठी मला थोडा सरळ हॉक चालेल, विळा चालणार नाही, कारण उडीच्या क्षणी सगळा जोर तिथूनच निघतो.

नालबंद_काका

डॉक्टर साहेबांच्या म्हणण्यात एवढं घाला की रेसचा घोडा नालेसकट बघितला तर खुराचं खरं कळत नाही.

रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमची पातळ प्लेट मारतात, वरचेवर बदलतात, आणि टो (खुराचा पुढचा भाग) लांब, टाच खाली असा खूर होतो. बघणाऱ्याला वाटतं पास्टर्नच (फेटलॉक आणि खुरामधला भाग) मऊ आहे. अर्ध्याहून जास्त वेळा तो तासण्याचा दोष असतो, हाडाचा नव्हे. पास्टर्नचा उतार आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार एका रेषेत आहे का ते बघा. रेष खुराशी मोडत असेल तर दोष खुराचा, तासून सुधारेल. रेष सरळ असून मुळातच फार लोळलेली किंवा फार उभी असेल तर तो बांधा, शिंगरात उतरेल.

खूर महिन्याला ८ ते १० मिमी वाढतो. टो वरून खालपर्यंत नवा यायला ९ ते १२ महिने. या घोड्याची वर्षभर विश्रांती झालीय, तेव्हा मालकानं नाल काढून ठेवली असती तर आज खरा खूर दिसला असता. विचारा. अजून प्लेट असेल तर काढायला लावा.

दोन्ही पुढचे खूर टेपने मोजा, रुंदी आणि लांबी. एक लहान, अरुंद आणि उभा, दुसरा पसरट, असं असेल तर लहान खुराच्या पायावर तो कधीपासून तरी वजन टाळतोय. मग चिमटा लावून दुखतं कुठे ते शोधा. तळवा सपाट आहे का तेही बघा, आपल्याकडच्या खडीवर सपाट तळवा टिकत नाही. काळ्या मातीत पावसाळाभर उभा राहिला तर फ्रॉग (तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग) सडतो, पण ते आनुवंशिक नाही, तबेल्याचं आहे.

केशवाळी

पागा भाऊ, मला हा बेतच पटत नाही, आणि मनापासून सांगतो. चांगल्या काठियावाडी घोडीला थरोब्रेड लावणं म्हणजे तिचं एक वर्ष घालवणं. गाभण काळ ११ महिने, घोडीला वर्षाला जेमतेम एक शिंगरू. त्या शिंगराला काठियावाडीची नोंद मिळणार नाही, थरोब्रेडच्या स्टडबुकात तर जागाच नाही. आत वळलेल्या कानांची टोकं पहिल्या पिढीतच सैल पडतात. रेवाल (स्वाराला धक्का न देणारी जलद) चाल जाते किंवा अर्धवट उतरते. उन्हात दिवसभर कमी चाऱ्यावर चालण्याची जी ताकद या जातीनं सौराष्ट्रात कमावली, ती १२०० मीटरच्या घोड्याकडून येणार नाही.

१५ हातांचाच घोडा हवा तर १५ हातांचा काठियावाडी किंवा मारवाडी नर मिळतो. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीच्या सुमारास एका जागी शेकडो बघायला मिळतात, आणि ते अंतर वडोदऱ्याहून फार नाही.

इंदूरचा_स्वार

केशवाळी, काठियावाडी घोड्यांबद्दल पूर्ण सहमत. जंपिंगबद्दल मात्र नाही. क्लबच्या घोड्याला लांब टांग आणि मोकळा खांदा लागतो, तो थरोब्रेडकडून येतो. सारंगखेड्यात भोवरे (केसांची वळणं) बघून भाव ठरतो, देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे की नाही यावर हजारो रुपये हलतात, पण गुडघा बाजूने कोणी बघत नाही. भोवऱ्याची श्रद्धा ज्याची त्यानं ठेवावी, गुडघा सगळ्यांनी बघावा.

खंडेराव_मार्केट

एक शंका. नर १६ हातांचा आणि घोडी १४ ची. शिंगरू पोटात फार मोठं होऊन अडणार नाही का? गावात सगळे हीच भीती घालतात.

डॉ_आणंद

जन्माच्या वेळचा आकार मुख्यतः आईचं गर्भाशय ठरवतं. १९३८ मध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी प्रचंड शायर आणि चिमुकल्या शेटलंडची उलटसुलट जोडी लावून हे दाखवलं: शेटलंड आईच्या पोटातलं शिंगरू लहानच जन्मलं. १६.१ आणि १४.२ हा फरक त्यापुढे काहीच नाही. अडचण लावण्याच्या वेळी होते, उंच नराला लहान घोडीवर नीट टेकता येत नाही. घोडी ६ ते ८ इंच उंच, न घसरणाऱ्या मातीच्या ओट्यावर उभी केली की सुटतं.

पहिलटकर घोडी मात्र या प्रयोगात घेऊ नका.

पागा_वडोदरा

काल घोडा बघितला. ओळंबा, टेप, काठी सगळं नेलं होतं. नोंदी अशा:

उंची नालेची जाडी वजा करून १६४ सेंमी. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १६३. गुडघ्याखाली नळीचा घेर उजवा २०.५, डावा २१ सेंमी. पाठ आखूड, कंबर भरीव, विदर्स (मान आणि पाठीच्या जोडावरचा उंचवटा) चांगले मागपर्यंत गेलेले. खांद्याचा उतार अंदाजे ४८ अंश. दात जुळलेले, वरचा जबडा पुढे नाही. हॉक ठीक. खूर दोन्ही सारखे, टो लांब.

गुडघे बाजूने बघता दोन्ही किंचित मागे. डावा जरा जास्त. तीनदा पाय सरळ करून बघितलं. डाव्या टेंडनवर मध्यभागी धनुष्यासारखा फुगवटा, गरम नाही, दाबल्यावर दुखत नाही. दुडकीत सरळ.

स्वभाव मऊ. अंडकोष दोन्ही खाली, टेप लावू दिला नाही.

डॉ_आणंद

नोंदी उत्तम. लांबी-उंची जवळजवळ सारखी, हे चौरस अंग, जंपिंगला छान. नळीचा २०.५ घेर या उंचीला पुरेसा. डावीकडचे २१ हाडाचे नाहीत, फुगलेला टेंडन टेपमध्ये आलाय. हाड मोजायचं तर उजवा धरा.

आता मुख्य मुद्दा. टेंडन फाटणं ही मुळात दुखापत आहे, ती जशीच्या तशी रक्तात उतरत नाही. कठीण मैदान, थकलेला घोडा, लांब टो, चुकीची बँडेज, यातल्या कशानेही होते. पण इथे टेंडन ज्या पायाचा गेला त्याच पायाचा गुडघा जास्त मागे आहे. म्हणजे दुखापतीमागे बांधा असण्याची शक्यता बरीच, आणि बांधा उतरतो. गुडघा सरळ असता तर या टेंडनसाठी मी एक गुणही कापला नसता.

क्लबचा घोडा ताशी ६० किलोमीटरने धावणार नाही, त्यामुळे किंचित काफ-नी तिथे रेसइतकी घातक नाही. पण उडीनंतर उतरताना पुढच्या एका पायावर सगळं वजन येतं, आणि त्या क्षणी हाच गुडघा मागे जातो. ९० सेंमीच्या उड्यांना चालेल, त्यापुढे मला खात्री नाही.

पुढे जायचंच असेल तर एवढं करा. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे, वाकवलेल्या स्थितीतले धरून. फेटलॉक, हॉक, स्टायफल आणि पुढचे खूर यांचेही, कारण सांध्यातल्या हाडाचा सुटलेला तुकडा, ओसीडी, यात आनुवंशिक भाग आहे. टेंडनची सोनोग्राफी, तंतू रांगेत भरलेत की गुंता झालाय ते कळेल. फ्लेक्शन टेस्ट, प्रत्येक सांधा मिनिटभर वाकवून लगेच दुडकी.

श्वासनलिका दुर्बिणीतून बघा. घोडा घोरत असेल, म्हणजे रोअरर असेल, तर डावीकडचा स्वरपडदा उघडत नाही. उंच घोड्यांत हे जास्त आणि यात आनुवंशिक धागा आहे. नाकातून रक्त येण्याबद्दल धावण्याच्या नोंदी मागा, आज विश्रांतीवर असलेल्या घोड्यात ते दिसणार नाही. २२ शर्यतींत मध्येच लांब सुट्ट्या का पडल्या, हे तारखा लावून विचारा. टेंडनआधीची सुट्टी बऱ्याचदा जास्त बोलकी असते.

वंशवेल

घोड्याच्या वंशावळीचा कागद पाठवलात, बघितला. पाचव्या पिढीपर्यंत नॉर्दर्न डान्सर (पैदाशीचा गाजलेला नर) दोन्ही बाजूंनी आहे. आजच्या थरोब्रेडमध्ये तो नसणंच दुर्मीळ, त्यामुळे बिचकू नका. तसा तो स्वतः जेमतेम १५.२ हात होता, उंचीच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सगोत्रतेचं (नात्यातल्या जोडीचं) गणित थोडक्यात. समान पूर्वज दोन्हीकडे तिसऱ्या पिढीत असेल तर शिंगराचा सगोत्रता गुणांक ३.१ टक्के, तिसऱ्या-चौथ्यात १.६. दुसऱ्या-दुसऱ्यात, म्हणजे सावत्र भावंडांची जोडी, १२.५. काठियावाडी घोड्यांवर हा प्रश्नच नाही. तुमच्या दोन मिश्र घोड्यांचा बाप कोण ते मात्र काढा.

खरी चूक चार वर्षांनी होते. याच्या मुली शेतावर मोठ्या होतात, दुसरा नर आणायचा कंटाळा येतो, आणि बापालाच लावतात. बाप-मुलगीचा गुणांक २५ टक्के. पहिली मुलगी तीन वर्षांची होण्याआधी दुसरा नर ठरलेला हवा.

दोन जनुकीय चाचण्या विचारात घ्या. एक, फ्रॅजाइल फोल सिंड्रोम: नर आणि घोडी दोघं वाहक असतील तर चारातलं एक शिंगरू नाजूक कातडीचं, न जगणारं. थरोब्रेडमध्येही हा वाहक आढळतो, म्हणून मिश्र घोड्यांसाठी महत्त्वाचं. दुसरी, मायोस्टॅटिन, जिला लोक स्पीड जीन म्हणतात, २०१० मध्ये डब्लिनच्या गटानं मांडलेली. सीसी म्हणजे कमी अंतराचा, सीटी मधला, टीटी लांब पल्ल्याचा. याचे विजय बघता सीसी असेल असं वाटतं. जंपिंगला त्यानं बिघडत नाही. केशवाळींना एन्ड्युरन्सची काळजी आहे, तिथे मात्र सीसी नर मी घेणार नाही.

पागा_वडोदरा

धन्यवाद वंशवेल, मिश्र घोड्यांचे बाप वेगळे आहेत. डॉक्टर, वीर्यतपासणीबद्दल विस्तारानं लिहाल का? मालक म्हणतो "नर आहे, चढतो, अजून काय बघायचं".

डॉ_आणंद

चढणं म्हणजे फळणं नव्हे. सिगार चढत होता.

आधी हात लावून तपासणी. दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत हे चांगलं, एकच उतरलेला असता तर इथेच थांबायचं, कारण हा दोष आनुवंशिक मानतात आणि असा नर खच्चीच करावा. दोन्ही सारखे, घट्ट पण कडक नाहीत, आत सहज सरकणारे हवेत. एपिडिडिमिसचं (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीचं) शेपूट मागच्या बाजूला लागलं पाहिजे. पुढे लागलं तर वृषण अर्धा फिरलाय. दुखत नसेल तर बऱ्याचदा निरुपद्रवी, पण नोंद करा. दोन्ही वृषण खाली ओढून एकत्रित रुंदी कॅलिपरने मोजा. प्रौढ नरात ८ सेंमीच्या खाली असेल तर मी घेणार नाही. १० ते १२ उत्तम. याच रुंदीवर रोजची शुक्राणूंची पैदास अवलंबून असते.

रेसच्या घोड्यात वृषण लहान आणि मऊ असण्याचं एक नेहमीचं कारण ॲनाबॉलिक स्टेरॉइड. कधी, किती दिले ते विचारा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस, वर बाहेर यायला आठवडाभर. म्हणून ताप, उन्हाचा झटका किंवा औषध यांचा परिणाम दोन महिने वीर्यात दिसत राहतो. एका वाईट नमुन्यावर घोडा नाकारू नका, ६० ते ७० दिवसांनी पुन्हा घ्या. स्टेरॉइडनंतर त्याहून जास्त थांबावं लागतं.

नमुना असा: आठवडाभर विश्रांती, मग कृत्रिम योनीत एक नमुना आणि तासाभरानं दुसरा. दुसऱ्यात शुक्राणू पहिल्याच्या निम्मे असायला हवेत. तसं नसेल तर पहिला नमुना अर्धवट आला किंवा साठा तुंबलाय. निकाल असा हवा: दुसऱ्या नमुन्यात पुढे पोहणारे आणि आकाराने योग्य असे किमान १०० कोटी शुक्राणू. जेल काढून आकारमान ३० ते १०० मिली, सरळ पोहणारे ६० टक्क्यांच्या आसपास. पांढऱ्या रंगाच्या दाट वीर्यावर समाधान मानू नका. गुलाबी झाक म्हणजे रक्त, पिवळी म्हणजे लघवी, आणि दोन्ही शुक्राणू मारतात.

ही सोय सगळीकडे नसते. आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी आधी फोनवर बोला, घोडा गाडीत घालून मग विचारू नका.

मोसमात हिशोब घोड्यांचा नव्हे, माजांचा ठेवा. हे फार जण चुकतात. दर माजाला ६० टक्के फळणारा नर तीन माजांत ९४ टक्के घोड्या गाभण करतो. ३० टक्के फळणारा तीन माजांत ६६ टक्के. वर्षअखेरीस दोघंही चालतात असंच वाटतं, पण दुसऱ्याकडे निम्मा दोष लपलाय. तुमच्या सहा घोड्यांवर तर तो कळणारच नाही. म्हणून आधी गाभण राहिलेल्या, सिद्ध घोडीवरच पहिली परीक्षा घ्या.

मोतद्दार_रावपुरा

हाताळणीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

रेसच्या तबेल्यात नर खिंकाळला की मार खातो. घोडीजवळ गेला, लिंग सोडलं, की चाबूक. हे २२ शर्यती, म्हणजे काही वर्षं शिकलेलं आहे. पैदाशीला आणल्यावर तोच घोडा घोडीपुढे मान खाली घालून उभा राहतो आणि मालक म्हणतो नर नाही. त्याला वेगळी मोरखी (तोंडाला बांधायचा दोर), वेगळी जागा, वेगळी वेळ द्या. स्वारीच्या लगामानं घोडीकडे नेऊ नका. पहिली घोडी शांत, अनुभवी, पूर्ण माजावर असलेली. माजावर नसलेल्या घोडीनं एक लाथ मारली की महिना वाया जातो.

कुणी प्लॅस्टिकची स्टॅलियन रिंग (नराच्या लिंगावर घालतात ते कडं) घातलेली राहिली असेल तर आधी काढा. तिच्या खाली जखम असते आणि लक्षात येत नाही.

घोडीची शेपटी बँडेजनं बांधा, मागच्या पायांना पायबंद, पण एका झटक्यात सुटेल अशी गाठ. नरावर एकच अनुभवी माणूस, हेल्मेट घालून, बाजूला खांद्याशी. समोर कधीच नाही. नर उतरताना घोडीचं तोंड नराकडे वळवा, म्हणजे तिच्या लाथा दुसरीकडे जातात. शेपटीचे ठरावीक झटके, पाच-सहा लाटा, म्हणजे वीर्य गेलं. नुसतं चढून उतरणं म्हणजे काम झालं असं समजू नका.

वडोदऱ्यात एप्रिल-मे मध्ये ४० च्या वर जातं. लावणं पहाटे, सूर्याआधी. नराच्या ठाणाला दुपारी सावली आणि वारा. घोडीचा माज पाच ते सात दिवस, अंडं शेवटच्या दिवस-दोन दिवसांत सुटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड.

डॉ_आणंद

रोगांबद्दल, घोडा गाडीत चढण्याआधी. ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्ताल्पता, म्हणजे कॉगिन्स टेस्ट, यांचे नमुने हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि २००९ च्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, निकाल येईपर्यंत घोडा हलवू नका. पैदाशीच्या नरासाठी याशिवाय मूत्रमार्ग, त्याच्या टोकाची खाच आणि लिंगाचं आवरण यांचे स्वॅब मेट्रायटिससाठी (घोडीच्या गर्भाशयाचा संसर्ग), आणि व्हायरल आर्टरायटिसची (विषाणूमुळे होणारा रक्तवाहिन्यांचा रोग) रक्तचाचणी. आर्टरायटिसचा वाहक नर दिसायला ठणठणीत असतो, विषाणू वीर्यातून जातो. सर्रा आणि थायलेरिया हे रक्तातले परजीवी रोगही बघा. पावसाळ्यानंतर डांसांनी (चावणाऱ्या मोठ्या माश्यांनी) पसरणाऱ्या सर्राचा आपल्या भागात संशय ठेवलाच पाहिजे. आणल्यावर ३० दिवस वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळा खरारा.

वंशवेल

कागदांची भर: पासपोर्टवरचं मायक्रोचिप स्कॅनरने जुळवा. विक्रीच्या कागदात पैदाशीबद्दल काही अट आहे का वाचा, काही मालक रेसला किंवा पैदाशीला न वापरण्याच्या अटीवर घोडा देतात. पुण्याच्या स्टडबुक प्राधिकरणात नोंद करून थरोब्रेड शिंगरं काढायची असतील तर नियम वेगळे: नैसर्गिक लावणंच, कृत्रिम रेतन नाही. तुम्हाला ते लागणार नाही. पण म्हणूनच शिंगरांचा बाप कोण हे तुम्हीच लिहून ठेवा. जन्मतारीख, खुणा, भोवरे, फोटो, आणि शक्य तर डीएनए.

केशवाळी

मोजमापं आल्यावर माझा आग्रह जास्त पक्का झाला. किंचित मागे गेलेला गुडघा चार शुद्ध घोड्यांत कशाला पेरायचा? काठियावाडीत पुढचा पाय आजही चांगला सापडतो, तीच तिची पुंजी.

पागा_वडोदरा

केशवाळी, हे मान्य. चार काठियावाडी घोड्या यात नाहीत. त्यांच्यासाठी काठियावाडी नर शोधतो, बाजूने गुडघा बघूनच.

दोन मिश्र घोड्यांचे पुढचे पाय काल पुन्हा ओळंब्यानं बघितले. एकीचे गुडघे सरळ. दुसरीचे तेही किंचित मागे, ती बाद. राहिली एक घोडी.

एका घोडीसाठी नर विकत घेणं हिशोबात बसत नाही. म्हणून मालकाला असं कळवलंय: घोडा विकत नको, लावण्याचे पैसे देतो, पण एक्स-रे, दुर्बीण, हिस्सारचे निकाल आणि दोन नमुन्यांची वीर्यतपासणी आधी दाखवा. खर्च निम्मा मी देईन. घोडी गाभण आहे हे १५ व्या दिवशी सोनोग्राफीत दिसलं तरच पूर्ण रक्कम.

डॉ_आणंद

जुळं बघायला १५ वा दिवसच योग्य, पण ४५ व्या दिवशी पुन्हा तपासा आणि पूर्ण रक्कम तेव्हा द्या. मधल्या काळात गर्भ विरघळतात, आणि खराब शुक्राणूंचा नर असेल तर हे नुकसान तिथेच दिसतं. १५ ला अर्धी, ४५ ला अर्धी असं लिहून घ्या.

नालबंद_काका

आणि मालकाला सांगून प्लेट काढून घ्या आता. सहा आठवड्यांनी एकदा तासल्यावर तोच फोटो, त्याच सिमेंटवर, बाजूने. टो मागे आणल्यावर डावा गुडघा किती मागे उरतो ते इथे टाका, मग बोलू.